पहिल्यांदा कोणाला बसवलंस?

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण तुम्ही घातलेला एक अभ्यास गेल्या महिन्यात माझ्या हातून एकदाचा पुरा झाला.

फ्रान्सचा तो सम्राट तुम्ही पुस्तकातून शिकवलाच नाहीत. शाळेच्या हॉलमधली बाकं भिंतीला लावायला सांगितलीत, आमच्या चपला बाहेर काढवल्यात आणि फरशीवर खडूनं युरोप काढलात. तो तोफखान्यातून वर चढत होता तोवर तुम्ही त्याला 'आपला सेनापती' म्हणायचात, स्वतःच्या हातानं मुकुट घातल्यापासून 'बादशहा', आणि दूरच्या बेटावर कैदेत पडल्यावर नुसतं 'तो माणूस'. मला सेनापती केलंत. चाळीस मुलांची फौज पॅरिसहून रशियाकडे निघाली. नियम एकच, दर फरशीला एक मूल खाली बसवायचं, आणि कोणाला बसवायचं ते सेनापतीनं ठरवायचं. तुम्ही सल्लागार नेमलेली मुलगी पहिल्याच फरशीवर म्हणाली की पुढे थंडी आहे, धान्य नाही, आपण थांबू. मी आधी तिलाच बसवलं. सगळे हसले आणि मला आणखीच चेव चढला. मॉस्कोला पोचून मागे पाहिलं तर सहा मुलं उभी होती आणि तुम्ही खडू पुसत होतात.

सहामाहीला बादशहाच्या ऱ्हासाची कारणं विचारली होती. मी पुस्तकातली थंडी जशीच्या तशी उतरवली. तुम्ही पाचपैकी दोन गुण दिलेत आणि समासात लाल शाईनं लिहिलंत, 'पहिल्यांदा कोणाला बसवलंस?' माझं डोकं फिरलं. दोन दिवसांनी माझे वडील मुख्याध्यापकांकडे गेले, पुस्तक उघडून दाखवलं, आणि तुम्हाला भर वर्गात माझे गुण वाढवावे लागले. तुम्ही पाच लिहिलेत, सही केलीत आणि पुढचा पेपर घेतलात. वर्षाच्या शेवटी मात्र स्वतःचा युरोपचा जुना नकाशा गुंडाळून माझ्या हातात ठेवलात. म्हणालात, "जपून ठेव. तुझं उत्तर अजून यायचंय."

तो नकाशा आता इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या वर आहे. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कात. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करणारी एक टीम माझ्या हाताखाली होती. त्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम पाहणारी एक चिनी बाई आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ते सॉफ्टवेअर सुरू करायच्या आधी ती मला इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, "नॉट रेडी, लाह. वन मोर वीक." मी हसून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सकाळच्या मीटिंगला बोलावणं बंद केलं. व्हायचं तेच झालं. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वेळा एकात एक मिसळल्या आणि म्हातारी माणसं दवाखान्यांत दिवसभर ताटकळली. अहवालात मी कारण लिहिलं, सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीची चूक. ती थोडी होतीही. खरं लिहिलं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर इथे राहायचा पास जाणार आणि मग फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं आवरून निघावं लागणार. मी घाबरलो होतो बाई, सरळच सांगतो.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. रविवारी सकाळी मुलगी पोह्यांच्या बशीशेजारी इतिहासाची वही घेऊन बसली. बादशहा तिलाही आहे. "बाबा, ही लॉस्ट बिकॉज ऑफ विंटर, राइट?" मी म्हणालो, थंडी तर त्याच्या शत्रूलाही वाजत होती. मग नकाशाकडे बोट दाखवून तुमची फौज, ती फरशी, तो लाल प्रश्न, सगळं तिला सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. "देन हू डिड यू मेक सिट फर्स्ट?" मी शाळेतल्या त्या मुलीचं नाव सांगितलं, पण डोळ्यांपुढे ऑफिसातली बाई होती. दुपारी अहवाल पुन्हा लिहिला. इशारा वेळेवर मिळाला होता, आणि तो देणाऱ्या व्यक्तीला मीच मीटिंगमधून वगळलं.

नोकरी राहिली, टीम गेली. एखादं काम कधी सुरू करायचं ते आता त्या बाई ठरवतात आणि मी त्यांना विचारतो. परवा त्यांनी मला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी पाजली आणि अर्धा तास माझ्या चुका काढल्या. मला फार बरं वाटलं. तुमची आठवण आली आणि मनापासून वाटलं, बाई आपल्याला मिळाल्या होत्या हे केवढं नशीब.

एक सांगायचं राहिलं. गुणांसाठी वडील आपणहून भांडायला आले, असंच तुम्ही धरून चाललात, आणि त्यानंतरही माझ्याशी तितक्याच मायेनं वागलात. त्यांना यायचं नव्हतं, बाई. तुमचं बरोबर आहे असंच ते म्हणत होते. मी दोन दिवस जेवलो नाही, म्हणून ते आले.