मोहबोडीची डीपी आणि जगाची अणुऊर्जा

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी,
ऊर्जा समन्वय व भविष्य नियोजन कक्ष,
गडचिरोली.

अर्जदार : शफी गफूर शेख, धान गिरणीचालक,
मौजा मोहबोडी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली.

विषय : जगातील अणुऊर्जा उद्योगाचे भवितव्य ठरेपर्यंत रोखून धरलेली आमच्या गावची डीपी, ते भवितव्य न ठरताही बसवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पहिले पत्र (पाहणी क्षेत्रात नवीन काम करता येणार नाही).
२) आपले दुसरे पत्र (गाव ऊर्जाविरोधी असल्याची नोंद).

महोदय,

वरील विषयास अनुसरून, हात जोडून आणि डोके शांत ठेवून, खालीलप्रमाणे सादर करतो.

१. दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या गावची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारे रोहित्र, मोठा आवाज करून जळाली. लोकांनी तो पहिला फटाका समजून टाळ्या वाजवल्या, हे मी लपवत नाही. तेव्हापासून गावात वीज नाही. आधी भारनियमन असायचे, म्हणजे वीज कधी जाणार हे तरी ठाऊक असायचे. वीज कंपनीचा लाइनमन खांबाखाली उभा राहून म्हणाला, "शफीभाऊ, डीपी तं गोदामात पडून हाय. पन तुमच्या गावाले देता येत नाई, वरून बंदी हाय." वर म्हणजे नेमके कोठे, हे शोधत शोधत मी आपल्या कक्षाच्या पायरीपर्यंत आलो. तोवर असा काही कक्ष आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते. आमचे गाव कोठे आहे हे आपल्या कक्षासही ठाऊक नव्हते, त्यामुळे फिटंफाट झाली.

२. आपल्या पहिल्या पत्रावरून समजले की आमचे गाव एका अणुऊर्जा प्रकल्पाच्या पूर्व-प्राथमिक पाहणी क्षेत्रात येते. जागेचा अंतिम निर्णय जागतिक परिस्थिती, इंधनपुरवठा आणि परदेशी सहकार्य यांवर अवलंबून आहे. तो होईपर्यंत गावात नवी डीपी बसवणे म्हणजे शासकीय साधनसामग्रीचा अपव्यय, कारण प्रकल्प आला की गावच राहणार नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. तिचे शासकीय धोरण झाले आहे, हे आपल्या पत्राने कळले.

३. आमची डीपी जगाच्या परिस्थितीवर अवलंबून असल्याने जगाची परिस्थिती पाहणे मला भाग पडले. गिरणी बंद, त्यामुळे वेळच वेळ. आरमोरीच्या वाचनालयात बसून वर्तमानपत्रे आणि मासिके चाळली. त्यातून जे हाती आले ते आपल्या माहितीसाठी सादर करतो, कारण आपल्या कक्षाने ते वाचले असावे असे पत्रावरून वाटत नाही.

अमेरिकेत अणुभट्ट्या शंभरावर आहेत, पण तीस वर्षांत नवी एकही बांधायला घेतलेली नाही. मात्र लवकरच घेणार आहेत. जर्मनीने आहेत त्या बंद करण्याचा कायदा केला आणि आता त्या कायद्यावर वाद चालू आहे. फ्रान्स आपली तीन चतुर्थांश वीज अणूतून काढतो व सुखात आहे, परंतु त्याच फ्रान्सच्या मंडळींनी फिनलंडात बांधायला घेतलेली भट्टी यंदा सुरू व्हायची ती आता २०१२ शिवाय होत नाही. हे वाचून मला आमच्या गावचे समाजमंदिर आठवले. तिथेही सिमेंट आले की गवंडी नसतो. जपानातले जगातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र दीड वर्षापूर्वीच्या भूकंपानंतर बंद आहे, ते अजून तपासत आहेत. आपल्या देशात युरेनियम पुरत नाही म्हणून भट्ट्या अर्ध्या ताकदीवर चालल्या. ऑक्टोबरात अमेरिकेशी करार झाला आणि दिल्लीत पेढे वाटले गेले. म्हैस पाण्यात, मोल बाहेर. देशाच्या विजेत अणूचा वाटा आज शंभरात तीन. सन २०२० पर्यंत वीस हजार मेगावॅट करायचे ठरले आहे. त्यानंतर थोरियमचा जमाना येणार, तो केव्हा हे कोणीच लिहिलेले नाही. भट्टीत जळून उरलेला माल हजारो वर्षे सांभाळावा लागतो, आणि कायमचा कोठे ठेवायचा ते अजून कोणत्याही देशाने करून दाखवलेले नाही. आमच्याकडे दोन घरांमधल्या उकिरड्याचा तंटा आजोबांच्या काळापासून चालू आहे, तेव्हा ही अडचण मी समजू शकतो.

कोळशाने पृथ्वी तापते, म्हणून अणूचे दिवस पुन्हा येणार, असे मोठे लोक म्हणतात. येवोत बापडे. माझे अणूशी वैर नाही. परंतु ज्या उद्योगाला स्वतःचा उद्या ठाऊक नाही, त्याच्या गळ्यात आमची डीपी कोणी बांधली, एवढे मला कळावे.

४. हे सर्व मी आपल्या कक्षात तोंडी सांगितले, तेव्हा आपले दुसरे पत्र आले. त्यात लिहिले की गावाने पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचे निशाण पेटवून तीव्र विरोध नोंदवला, सबब गाव ऊर्जाविरोधी आहे, आणि ऊर्जाविरोधी गावास ऊर्जा देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सोबत छायाचित्र होते. त्यात आमची मारबत दिसते.

महोदय, आपण बाहेरून बदलून आला असाल म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काड्या, माती, पळसाच्या फांद्यांची बाई करतात, गावातली इडापिडा, खोकला, ताप तिच्या ओटीत घालतात आणि ओरडत ओरडत शिवेबाहेर नेऊन जाळतात. आमच्या गावी ती सुकलूभाऊ करतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील करत. त्याच सुमारास आपली पाहणी टीम शिवेवर खुंट्या ठोकून त्यांना लाल-पांढरी फडकी बांधून, कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. आता आमच्या भागात शिवेवर कोणी न सांगता फडके बांधून गेले, तर तो उतारा समजतात. आजाऱ्याची पीडा दुसऱ्याच्या गावावर ढकललेली असते. ते फडके तिथे ठेवून चालत नाही, मारबतीबरोबर घालवावे लागते. सुकलूभाऊंनी फडकी गोळा करून मारबतीचे लुगडे केले, खुंट्यांचे हातपाय केले, आणि सगळ्या गावाने "लोडशेडिंग घेऊन जा गे मारबत" म्हणत ती जाळली. मीही ओरडलो. म्हणजे आम्ही वीज मागत होतो, आणि आपल्या दफ्तरी वीज नाकारत होतो.

आपल्या चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा सुकलूभाऊ म्हणाले, "साहेब, शिवेवरचं फडकं ठेवत नाई आमी. तुमचीच पीडा पार केलो, अन् तुमी मलेच धरून राह्यले." हे उत्तर जबाबात "प्रकल्पास पीडा संबोधले" असे उतरले आहे. ते दुरुस्त व्हावे.

५. आता मुख्य गोष्ट. गिरणी बंद आहे, लोक धान भरडायला दुसऱ्या गावी नेतात, त्याचे मी काही मागत नाही. माझी मुलगी अदीबा, सिंदेवाहीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवस फेब्रुवारीच्या मध्यावर भरतात. आमच्या आरोग्य उपकेंद्रात अशक्त बाळासाठी उबेची पेटी आहे. तिच्यात दोनशे वॅटचा एक बल्ब लागतो. नर्स ज्योत्स्नाबाई मला म्हणाल्या, "शफीभाऊ, पेटी हाय, बल्ब बी हाय, करंट नाई. मी का फुंकून तापवू?"

मागच्या महिन्यात लटारूभाऊंची नात उपकेंद्रात जन्मली, हलकी होती. पेटी थंड. बाळाला गोधडीत गुंडाळून जीपने गडचिरोलीला निघाले. आरमोरी सोडेपर्यंत ती गार झाली होती. त्या पोरीचे नावही ठेवले नव्हते. आपण म्हणाल, मग तुम्ही मुलीला आधीच गडचिरोलीला नेऊन ठेवा. नेणारच आहे. पण बाळ आपल्या कक्षाला विचारून येत नाही, आणि मला भीती वाटते. साधी, बापाची भीती. ती कोणत्या नमुन्यात भरतात ते मला माहीत नाही.

६. सबब विनंती की, (अ) जगातील अणुऊर्जा उद्योगास त्याच्या वाटेने जाऊ द्यावे आणि डीपी गोदामातून आमच्या वाटेने येऊ द्यावी. (आ) गाव ऊर्जाविरोधी नाही असा दाखला द्यावा. हवे असल्यास जगातल्या सर्व भट्ट्यांना, झालेल्या, रखडलेल्या आणि कागदावरच्या, मोहबोडी गावाचा मनःपूर्वक पाठिंबा असल्याचे मी लिहून देतो. एक भट्टी माझ्या परसात बांधा. आम्हांस हजार मेगावॅट नकोत, दोनशे वॅट हवेत. (इ) हेही शक्य नसेल, तर सन २०२० पर्यंत गावात कोणी जन्म घेऊ नये असा लेखी आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी काढावा. तो मी घरात वाचून दाखवीन.

आपल्या उत्तराच्या आशेवर, अंधारात बसलेला आपला नम्र,

शफी गफूर शेख
मोहबोडी, ५ जानेवारी २००९

सोबत : १) आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती. २) ज्योत्स्नाबाईंचा दाखला की पेटी व बल्ब सुस्थितीत आहेत. ३) सुकलूभाऊंचा अंगठा, त्यांनी विचारले कशासाठी, मी म्हटले माहीत नाही पण लागेल.

ता. क. : अर्ज टपालात टाकायला निघणार तोच अदीबाला कळा सुरू झाल्या. आज ६ तारखेला सकाळी मुलगा झाला. सव्वा महिना आधी आला, वजन पावणेदोन किलो. ज्योत्स्नाबाई म्हणतात, या थंडीत उघड्या जीपमधून हलवू नका, बंद गाडी मिळेपर्यंत उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, अंगाचीच ऊब लागते. अदीबाला ताप भरला आहे, म्हणून माझी बायको नूरी सकाळपासून नातवाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली आहे. ती हलत नाही, जेवत नाही, कोणाला जवळ येऊ देत नाही. वरील सर्व मुद्दे आपण वाचले नाहीत तरी चालेल. तिला उठता यावे, एवढी वीज द्या.