ओनोरियोंचं मधलं नाव

१४ मार्च २००९
लिटा साडेआठला रात्रपाळी करून आली. फिलिपिन्सची, माझ्यासारखीच या देशात बाहेरून आलेली. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात नर्स आहे. बूट दाराबाहेर, मोजे त्यातच कोंबलेले. किती वेळा सांगितलं! पण खरं सांगायचं तर त्या बुटांचा आवाज आल्याशिवाय मी चहा टाकत नाही. अनंत गेल्यावर दीड वर्ष एक कप चहा करत होते. मग आतली खोली हिला दिली. भाड्याचं निमित्त. लेकीला, मृणालला, न्यू जर्सीला फोनवर हेच सांगते, की भाडं येतं.
आज लि. झोपायला गेली नाही. पिशवीतून फॉर्म काढला. "आंटी, तुम्ही अकाउंट्समध्ये होता ना? तुमची चूक होत नाही."
नाहीच होत.

१५ मार्च
लि.चे वडील ओनोरियो, वय सत्त्याऐंशी, मनिलापासून तीन तासांवरच्या गावात. एकोणिसाव्या वर्षी शपथ घेऊन सैन्यात गेले. हुकूम अमेरिकेचा, झेंडा अमेरिकेचा. तेव्हा फिलिपिन्स अमेरिकेच्याच ताब्यात. मला हे माहीतच नव्हतं, लाज वाटली. आपल्यावर इंग्रज तसे यांच्यावर अमेरिकन, स्पेनकडून घेतलेला देश. जपान्यांशी लढले, कैदेत गेले, हाडं घेऊन परत आले. युद्ध संपल्यावर अमेरिकेने कायदाच केला की हे लोक आमचे सैनिक धरायचे नाहीत. आता इतक्या वर्षांनी नवा कायदा, की धरू. अर्ज करा, वर्षभराची मुदत. एकरकमी पैसेही आहेत, पण म्हाताऱ्याला कागद हवाय. शिक्क्याचा, नावाचा.
जेवणाच्या टेबलावर बसून भरला. लि.ला विचारलं, आजोबांचं नाव काय? "टेओडोरो. का?" म्हटलं, लागतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. टपोरं अक्षर, एक खाडाखोड नाही. ओनोरियो टेओडोरो पांगिलिनान.
"एकदा वाचून बघ गं."
"नो नीड लाह, आंटी चेक ऑलरेडी." इथलं लाह-लाह तिलाही लागलंय. जांभई देत गेली झोपायला.
झेरॉक्स काढून फाईलला लावली. सवय.

२ एप्रिल
लि.ची मैत्रीण सुट्टीवर गावी गेली, तिच्याबरोबर फॉर्म. म्हाताऱ्याला मोतीबिंदू. बोट धरून दाखवलं तिथे सही केली, मग फॉर्म मनिलाच्या अमेरिकन कचेरीत. सही करताना म्हणे उभे राहिले होते.

७ जून
मृ.चा फोन. अमेरिकेची नागरिक झाली. हॉलमध्ये दोनशे लोक, हात वर करून शपथ, प्रत्येकाला हातात मावेल एवढा झेंडा. "आई, रडू आलं गं मला."
अभिनंदन केलं. मलाही आलं रडू, पण वेगळं. माझी मुलगी तिकडची झाली. मग ओनोरियोंची आठवण आली. शपथ त्यांनीही घेतली होती, हात वर करूनच घेतली असेल.
मृ.ला हे बोलले नाही. तिच्याकडे गर्दी होती, केक कापायचा होता.

२३ ऑगस्ट
गणपती. एकवीस मोदक केले. खाणाऱ्या दोघी. लि.ने सात खाल्ले, म्हणाली नारळ-गूळ आमच्याकडेही असंच. तिने वडिलांना फोन लावला, मला दिला. स्वच्छ इंग्रजी. अमेरिकन मास्तरांनी शाळेत शिकवलेलं. "मॅडम, तुम्ही माझा अर्ज लिहिलात. माझ्याकडून सॅल्यूट." मी आपलं जेवलात का, म्हणून विचारलं.
लि.च्या भावाने त्यांची जुनी सैनिकी टोपी धुऊन इस्त्री करून ठेवली आहे. कागद येईल त्या दिवशी चर्चला घालून जायची.

२१ सप्टेंबर
उत्तर आलं. या नावाच्या सैनिकाची नोंद नाही.
लि. स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर बोलत होती. त्यांची भाषा मला कळत नाही, पण तिचा हात नळावर होता आणि पाणी वाहत होतं, ते तिला कळत नव्हतं. मी बंद केला.

२७ सप्टेंबर
भाऊ सांगतो, गावात लोक हसतात. म्हणजे आयुष्यभर बाता मारल्या म्हाताऱ्याने. नातवंडंसुद्धा. ओनोरियोंनी टोपी पेटीत टाकली. दोन घास खातात, भिंतीकडे तोंड करून पडतात. म्हणाले, "त्यांच्याकडे नोंद नाही म्हणजे मी नव्हतोच."
मी लि.समोर अमेरिकेला यथेच्छ शिव्या घातल्या. गरज होती तेव्हा पोरं घेतली, वगैरे. आवाज चढवून. लि. म्हणाली, "आंटी, तुमचं बीपी."

१८ ऑक्टोबर
लि.च्या पासचं, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्याचं, नूतनीकरण. राहत्या पत्त्यासाठी घरमालकीण म्हणून माझी सही. तिचं पूर्ण नाव पहिल्यांदाच नीट वाचलं. लिटा मानालांग पांगिलिनान.
म्हटलं, वडील ओनोरियो, मग मध्ये मानालांग कोण?
"ती आईची फॅमिली, आंटी. लग्नाआधीचं आडनाव. आमच्यात सगळ्यांचं मधलं नाव आईचं."
"सगळ्यांचं?"
"सगळ्यांचं."
सही केली. ती कामावर गेली. मग फाईल काढली. टपोरं अक्षर. टेओडोरो.
अमेरिकेने यावेळी काही केलं नाही. मी केलं. त्यांच्या मधल्या जागेत त्यांच्या आईचं आडनाव हवं होतं, मी आपल्याकडच्यासारखा बाप लिहून ठेवला. विचारलंसुद्धा नाही. मला येतं ना सगळं!

१९ ऑक्टो.
सांगितलं नाही. ती हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून माझ्यासाठी सोया दूध घेऊन आली होती. प्यायले. कशी प्यायले कोण जाणे.

२० ऑक्टो.
सांगितलं नाही. लिहून ठेवते कारण कुठेतरी खरं असायला हवं. ती गेली तर काय, याची भीती आहे मला. म्हातारा तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि मी इथे खोली रिकामी होईल म्हणून गप्प. इतकी हलकी बाई मी कधी झाले?
एक गंमत. मलासुद्धा लग्नात नाव सोडावं लागलं. कुमुद परचुरेची वसुधा दातार. ताटातल्या तांदळात अनंतने अंगठीने लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे शाळेचा दाखला जुळेना, पासपोर्ट अडला, मी तेव्हा किती चिडले होते. कागदावर आपण नसणं म्हणजे काय, हे मला तरी कळायला हवं होतं.

२१ ऑक्टो.
सांगितलं. सकाळी, चहाच्या आधी. झेरॉक्स समोर ठेवली.
तिने वाचलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "टाटाय एक महिना जेवत नाहीत, आंटी." वडिलांना टाटाय म्हणते. खोलीत गेली. कडी लावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

२४ ऑक्टो.
तीन दिवस बूट वाजतात, दार लागतं, बस्स. दोन कप करते, एक ओतून देते.

२५ ऑक्टो.
आज टेबलावर कोरा फॉर्म आणि पेन. शेजारी चिठ्ठी, टाटायच्या आईचं आडनाव: बाउतिस्ता. लि. समोर येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे. पण यावेळी मी वाचणार."
प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली तिने. ओनोरियो बाउतिस्ता पांगिलिनान. सोबत मी वेगळं पत्र जोडलं, की आधीच्या अर्जातली चूक लिहून देणारीची, अर्जदाराची नाही. खाली सही केली.

८ नोव्हेंबर
लि. गावी गेली, फॉर्म घेऊन. वडिलांना ताप. सुट्टी तीन आठवडे. खोलीत तिची चादर घडी करून ठेवलेली, मोजे मात्र खुर्चीखाली. उचलले नाहीत.

३ डिसेंबर
सुट्टी वाढवली. अर्ज पोचल्याची पावती मिळाली, निर्णय कळवू. म्हाताऱ्याच्या छातीत कफ झालाय, डॉक्टर मान हलवतात.
क्वीन्सटाउनच्या बाजारात फळवाल्याने विचारलं, तुमची मुलगी दिसत नाही हल्ली? म्हटलं, गावी गेली. दुरुस्त केलं नाही त्याला.

२७ डिसें.
मृ.चा फोन, बर्फ पडलाय. "आई, एकटी कशाला राहतेस, इकडे ये ना." दरवर्षी म्हणते. दरवर्षी बघू म्हणते मी. पत्राची वाट बघतेय असं सांगितलं. कोणाचं पत्र? म्हटलं, आहे एका सैनिकाचं.

१७ जानेवारी २०१०
लि.चा एसएमएस. कागद अजून नाही. म्हातारा उठून बसतो, अर्धी वाटी पेज घेतो. टोपी उशाशी ठेवायला सांगितली. पुढे लिहिलंय, "टाटाय विचारतात, अर्ज लिहिणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव काय?"
विचारणारच. मीही विचारलं असतं. लि.ला लिहिलं, रागावले आहेत का? क्षमा मागायची आहे मला.
तासाभराने उत्तर आलं. "रागावले नाहीत. प्रार्थनेत नाव घ्यायचं आहे. पूर्ण पाहिजे म्हणतात, नीट, आमच्या पद्धतीने. नाहीतर तुमचीही नोंद सापडायची नाही." पुढे हसरा चेहरा.
वसुधा अनंत दातार असं टाईप केलं. पुसलं. अनंता, रागावू नकोस. माझ्या आईचं माहेर ताम्हनकर. मामांचं आडनाव म्हणून पाकिटांवर शेकडो वेळा लिहिलं असेल, स्वतःच्या नावाला जोडून आज पहिल्यांदा. कुमुद ताम्हनकर परचुरे. तीनदा वाचलं. या बाईला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही.
पाठवलं.
चार वाजले. चहाचं आधण ठेवलंय, सवयीने दोन कपांचं.