म्हायेरची डुकरां

आये, आपल्या डुकरांना आज सगळे "आचरा" म्हणतात, आणि यासाठी राग मला तुझाच येतो.

आचऱ्याला तू जन्मात चारदा गेली असशील, तेही सुकी मासळी आणायला. गोव्याची हद्द बंद व्हायच्या आदल्या वर्षी तू तिकडे गोव्यात माहेरी गेलीस आणि नाताळ करून येताना टोपलीतून पांढऱ्या पायांचं एक काळं पिल्लू घेऊन आलीस. मग वाट बंद झाली. तुझी आई तिकडे वारली, ते तुला दोन महिन्यांनी कळलं. तू आमच्यासमोर रडली नाहीस. खोपीत जाऊन त्या डुकरिणीच्या पाठीवर हात ठेवून बसलीस. गावठी नराशी तिची जोडी तू लावलीस. पिल्लांवर लोळणारी मादी विकायची, पावसाळ्यात न खोकणारी ठेवायची, हे दहा वर्षं तुझं तूच ठरवलंस. अख्खी वाडी त्यांना "म्हायेरची" म्हणायची.

आणि पशुसंवर्धनाचा साहेब वही उघडून परसात उभा राहिला, तेव्हा तू गप्प! तो विचारतो, "ही जात मूळची कुठली? नाव काय हिचं?" तू माझ्याकडे बघतेस. मी सोळा वर्षांची, अकरावीत, घरात पुस्तकी मराठी बोलणारी एकटीच. मी सांगते, "आमची नाहीत ही. आचऱ्याहून आणलीत." तुला तशी मराठी बोलता येत नव्हती, पण कळत सगळं होतं. त्याने लिहून घेतलं. तू त्याला शहाळं दिलंस. तो गेल्यावर म्हणालीस, "तुका तसा सांगूक बरा वाटला ना गो? मगे तसाच रवांदे."

का रवांदे? का राहू द्यायचं? तोंडात का नाही मारलीस माझ्या? वर्गातल्या मुली मला "डुकरीण" म्हणतात, हे तुला ठाऊक होतं. म्हणून स्वतःचं माहेर पुसू दिलंस? कोणी मागितलं होतं एवढं मोठं मन? मेलीस तरी एका शब्दाने बोलली नाहीस. मी भांडू कुणाशी?

परवा कुडाळच्या पशुमेळाव्यात पाटी पाहिली, "आचरा जात, मूळ गाव आचरा". "हे खोटं आहे" म्हणत तिथल्या माणसावर मी इतकी ओरडले की लोक जमले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, नोंद बदलता येते. तुमचा या डुकरांशी संबंध काय, ते लिहून द्या." त्याने कागद पुढे केला.

मी म्हटलं, "काही नाही, कुठेतरी वाचलं होतं." आणि घरी आले.