सातवी बदली

३ मार्च, सोमवार

नव्व्याण्णव नाहीत म्हणे. अठ्ठ्याण्णव!

सचिवांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बसा म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. शंभराव्या मॅचची ढाल बनवायची म्हणून त्यांनी वरच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेकडून माझी यादी मागवली, तर त्यात एक मॅच कमी. बारा वर्षांपूर्वीची, मैत्रीपूर्ण. आम्ही चार-शून्यनं जिंकलो होतो. का धरली नाही? तर तेव्हाच्या आपल्या सरांनी सात खेळाडू बदलले. मैत्रीच्या मॅचमध्ये सहाच बदल्या चालतात. सातवी केली की अख्खी मॅच बाद! जी बाई घाम गाळत पळाली तिचीसुद्धा बाद.

"नियम आहे, आमच्या हातात काही नाही," असं म्हणून त्यांनी हात वर केले.

बारा वर्षं कुणाला पत्ता नव्हता. आणि आता बावीस तारखेला माझी शेवटची मॅच. शेवटची हे त्यांनीच ठरवलेलं आहे, मला विचारून नव्हे. म्हणजे मी घरी जायची ती नव्व्याण्णव घेऊन. तळपायाची आग मस्तकात गेली. दार आपटून आले. जोरात आपटलं, पण त्या दाराला कसलासा दांडा आहे, ते आपलं सावकाश लागलं. तेवढंही समाधान नाही!

४ मार्च

सामानाच्या खोलीत गेले. इस्त्रीकडे. दुसरीकडे कुठे जाणार?

तिला इस्त्री म्हणतात कारण जर्सीवरचे आकडे तीच चिकटवते. वर कागद ठेवून, इस्त्री दाबून, मनात वीसपर्यंत मोजून. त्याआधी ती संघात होती, नऊ वर्षं. माझ्याच जागेवरची राखीव, डावीकडची बचावपटू, चौदा नंबर. मग गुडघा गेला आणि ती बाकावरून थेट या खोलीत आली. गळ्यात ओळखपत्र असतं, त्यावर नावाखाली छापलंय ‘माजी राष्ट्रीय खेळाडू’. रोज सकाळी अंगठ्यानं पुसते. आम्ही सगळ्या चिडवतो, "अगं, झिजेल ते!"

माझी बावीस तारखेची जर्सी तिनं आधीच तयार केली होती. पाठीवर तीन, छातीवर छोटंसं १००. मी सांगितल्यावर तिनं इस्त्री तापवली. आकडा गरम करून हळूच सोलून काढला. डिंकाचा माग राहिलाच. उजेडात तिरकं धरलं की १०० अजून दिसतं.

"जाईल धुतल्यावर," म्हणाली.

नाही जाणार. मला माहितेय.

६ मार्च

ऑफिसात एक कारकून आहे, चष्मा. अख्ख्या इमारतीत कागद वाचणारा एवढा एकच प्राणी. त्यानं आज शोधून काढलं. सहा बदल्यांचं पत्रक आमच्या ऑफिसात आलं ते त्या मॅचनंतर आठ दिवसांनी! वर शिक्का आहे, तारीख आहे. म्हणजे सरांना नियम कळणार कसा? झोपेत?

"ताई, लेखी तक्रार करा. तारीख आपल्या बाजूची आहे. टिकेल," म्हणाला.

"किती दिवस लागतील?"

"तीन महिने तरी."

तीन महिने! मॅच सोळा दिवसांवर. तरी अर्ज दिला. त्यानंच लिहून दिला, मी फक्त शेवटी ‘हा उघड अन्याय आहे’ असं घातलं. तो म्हणाला, हे नको. मी म्हटलं, हे हवंच.

९ मार्च, रविवार

आईला सांगितलं. ती म्हणते तिच्या हिशेबानं माझ्या एकशे एक झाल्या. कपाटाच्या दाराआड पेन्सिलीच्या रेघा मारते ती, पहिल्यापासून. आम्ही दोघींनी बसून मोजल्या. शाळेतल्या दोन धरल्यात तिनं! "शाळेत तू देशासाठी नव्हतीस खेळत होय?" म्हणाली. आता हिला काय सांगणार.

दादानं सोळा जणांची तिकिटं काढलीत. शंभरावी बघायला म्हणून. त्याच्या लग्नाला मी नव्हते, परदेशात खेळत होते. फोटोत माझ्या जागी आत्याच्या सासूबाई उभ्या आहेत. तेव्हा तो म्हणाला होता, "शंभर कर, मग माफ." आता काय सांगू, नव्व्याण्णव टक्के माफ कर?

हसू येत नाहीये.

११ मार्च

सोळा वर्षं. एकदा नीट लिहूनच ठेवते.

पहिली तीन वर्षं पुरुषांच्या जुन्या जर्स्या घालून खेळलो. बाह्या कोपराच्या खाली. बावीस तास बसनं जाऊन उतरल्यावर दोन तासांत मॅच. नाक दोनदा फुटलं. भुवईला टाके घालून दुसरा हाफ खेळले. बाबा गेले तेव्हा शिबिरात होते, तिसऱ्या दिवशी परत सरावाला उभी. आणि पुरुष संघाच्या गोलकीपरला पन्नासाव्या मॅचला बँड लावला होता, बँड!

मला मुली ‘भिंत’ म्हणतात. उगाच नाही. सोळा वर्षांत दुखतंय म्हणून बाहेर आले नाही. ताप असला तरी सांगितलं नाही. एकदाच, फक्त एकदाच मला सरांनी बाहेर काढलं होतं. कुठल्या मॅचला ते आठवत नाही, पण पाट्या दाखवतात त्यात माझा तीन नंबर बघितला तेव्हाचा राग अजून आठवतो. काय चुकलं होतं माझं? आठवडाभर सरांशी बोलले नव्हते. कोण आत गेलं तिकडे बघितलंही नाही, बाटली लाथाडून बाकावर बसले.

आज त्या सरांना फोन केला. आता निवृत्त आहेत, ऐकू कमी येतं. सात का बदलल्या हो, विचारलं ओरडून. "अगं चार गोलांनी पुढे होतो. बाकावरच्या पोरींचाही जीव असतो. कधी उतरवायचं त्यांना?"

मोठे आले दयाळू! यांची दया, माझी मॅच.

१२ मार्च

इस्त्रीकडे बसून सरांच्या नावानं खडे फोडले. म्हटलं, आणि ती सातवी कोण होती, तिला गाठून चार शब्द सुनवले पाहिजेत. पाच मिनिटं मैदानात बागडायला मिळावं म्हणून माझी मॅच खाल्लीस, बाई!

ती मोज्यांच्या जोड्या लावत होती. "असेल कुणीतरी," म्हणाली. मग म्हणाली, चहा घेणार का.

हिला कधी रागच येत नाही. माझ्या जागी असती तर कळलं असतं.

१५ मार्च

सरावात टाच दुखली. कुणाला सांगितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

सचिवांचा फोन आला, गेले. आज ‘बसा’ म्हणाले, चहा आला, बिस्किटंसुद्धा आली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षातली एक मॅच यादीत कधी चढलीच नव्हती, कारण रेफ्रीचा अहवाल इथेच कपाटात राहून गेला. चष्म्याला तो सापडला. (कपाट आहे की विहीर! मीही ती मॅच विसरले होते, आईच्या रेघांतही ती नाही.) तो आता पाठवतील, दोन दिवसांत नोंद होईल. म्हणजे नव्व्याण्णव. म्हणजे शनिवारी शंभर!

"फक्त," म्हणाले, "त्या सात बदल्यांच्या सामन्याची तक्रार तुम्ही मागे घ्यायची. एकाच वेळी दोन भांडणं वरच्यांशी नकोत. सामना अनधिकृत होता हे मान्य आहे असं लिहून द्या, विषय संपेल."

मी म्हटलं, तक्रार राहू दे, तीन महिन्यांनी लागला निकाल तर लागला. तर म्हणे, मग दोन्ही कागद एकदमच जातील, तीन महिन्यांनी.

बघा! चूक यांची, कपाट यांचं, आणि अटी मला. उद्यापर्यंत सांगते म्हणून आले.

१८ मार्च

सही केली.

चष्मा कागद पुढे करताना रेंगाळला. "ताई, थांबता आलं तर बघा. तक्रार जिंकण्यासारखी होती." मी म्हटलं, अरे बाबा, थांबायला माझ्याकडे शनिवारनंतर आहे काय? तीन महिन्यांनी मिळालेलं शंभर घरात बसून कुणाला दाखवू? त्यानं अजून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सचिव दारात आले.

धावतच सामानाच्या खोलीत. "लाव परत शंभर!"

इस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ती मॅच आता कायमची गेली?"

"जाऊ दे गं! कुणाला हवीय ती!"

तिनं जर्सी पसरली. जुन्या डिंकाच्या मागावर आकडा बरोब्बर बसवला, कागद ठेवला, इस्त्री दाबली. आज वीसपर्यंत नाही, बराच वेळ दाबून धरली. मी म्हटलं, अगं जळेल! तेव्हा उचलली.

पण बसलंय काय सुरेख. कडसुद्धा उचललेली नाही.

२२ मार्च, शनिवार

शंभर!! एक-शून्य जिंकलो. गोल माझा नाही, पण गोललाइनवरून एक बॉल मी काढला, डोक्यानं, शेवटच्या मिनिटांत. सगळं स्टेडियम उभं. दादा भोकाड पसरून रडत होता, वहिनीनं सांगितलं. आईनं येऊन आधी माझं नाक तपासलं.

सचिवांनी ढाल दिली, भाषणात माझं वय चुकवलं. आज माफ. नाकावर टिच्चून शंभर केलेत, आता काय हवं ते बोला!

मैदानातून आत जायच्या बोगद्याच्या तोंडाशी इस्त्री जर्स्या गोळा करत उभी होती. मी माझी दिली नाही, ही मी घरी नेणार. तिनं मिठी मारली. "शेवटपर्यंत बाहेर आली नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, भिंत आहे मी!

२३ मार्च

सगळं अंग ठणकतंय. टाच टेकवत नाही. आई म्हणते, आता तरी सांग कुठे कुठे दुखतं. सांगितलं. अर्धा तास लागला.

७ एप्रिल, सोमवार

ऑफिसच्या जिन्यात बसून लिहितेय.

किट परत करायला आले होते. नव्या मोसमाची ओळखपत्रं आली होती, खालीच जातेय म्हणून इस्त्रीचं मी मागून घेतलं. नाव आहे. त्याखाली ‘साहित्य विभाग’. आणि पुढे काही नाही. ‘माजी राष्ट्रीय खेळाडू’ ही ओळच नाही!

चष्म्यावर भडकले. छापताना डोळे कुठे होते? नऊ वर्षं होती ती संघात!

त्यानं उठून दार लावलं. "चूक नाही ताई. नऊ वर्षं संघात होत्या, पण उतरल्या एकदाच. त्याच सामन्यात. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तुम्ही बाहेर, त्या आत. सातवी बदली त्यांची. तुम्ही लिहून दिलंत आणि तो गेला. आता त्यांच्या नावावर एकही नाही."

कार्ड माझ्या हातात आहे. ती खाली आहे. सकाळपासून दोनदा वर येऊन विचारून गेली म्हणे, नवी कार्डं आली का.