चकत्या हलक्या का लागल्या

प्रिय धाकट्या,

फोन सोडून ताईला कागद कुठून सुचला म्हणून हसशील. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘दाजींना दे’ म्हणतोस, आणि दाजी माझ्या शेजारीच बसलेले असतात. अर्धं वाचून बाकीचं कळलं म्हणायची तुझी खोड आज बाजूला ठेव.

आई बरी आहे. गुडघ्यांच्या नावानं खडे फोडते आणि दिवसभर जिना चढते-उतरते. तुझ्या उंचीच्या वेडावर अजून बोलते. तू पाण्याच्या टाकीवर चढायचास आणि मी खाली शिडी धरून रडायचे, ते शेजारणीला पुन्हा सांगत होती. मला तेव्हा वाटायचं, मोठा होऊन हा कारकून होईल तर बरं. झालास क्रेनवाला!

त्याच क्रेनचा बूम, म्हणजे तिचा लांब हात, तेलाच्या दाबानं वर उचलणारा दांडा दुरुस्तीला दाजींच्या वर्कशॉपमध्ये आला होता. झिजलेल्या जागी निकेलचा थर मीच फवारला. आम्ही धातू वितळवत नाही. गॅसच्या झोतात पूड इतक्या वेगानं सोडतो, की कण आपटून चपटा होतो, दोन्ही धातूंवर हवेनं धरलेली पातळ साय फाटते आणि कोरा धातू कोऱ्या धातूला धरतो. पण सगळ्या धातूंशी सारखं जमत नाही. ॲल्युमिनियम मऊ, कण त्यात रुतून बसतो. कडक पोलादावर वेग जरा कमी पडला की कण उसळून परत येतो. त्या दिवशी दांड्याखालच्या ट्रेमध्ये पुडीचा ढीग साचला, आणि शेजारच्या चकत्यांखाली मात्र जवळजवळ काही नाही. तिथंच मनात पाल चुकचुकली.

चकत्या म्हणजे नमुने. दांडा ज्या पोलादाचा, त्याच पोलादाच्या छोट्या चकत्या पट्टीवर स्क्रूनं बसवून येतात, त्यांच्यावर तोच थर बसतो. मग त्यावर गोंदानं खुंटी चिकटवून यंत्रानं ओढायची. गोंद तुटला आणि थर राहिला तर काम पास. गेले कित्येक महिने आमच्याकडे दर वेळी गोंदच तुटतोय. इतकं चांगलं मला आयुष्यात कधी मिळालेलं नाही, म्हणून ते खरं वाटेना.

संशय घेतला वर्कशॉपमधल्या चश्मिषचा. चाचणी तोच करतो, आणि ओढून झालेल्या चकत्या हल्ली कपाटात कुलूप लावून ठेवायला लागला होता. मी पाळत ठेवली. चहाला गेला की त्याच्या टेबलाशी घुटमळायचे. शेवटी त्यानंच मला पकडलं आणि वर मलाच विचारलं, की ताई, तुम्ही काय लपवताय? त्याला वाटत होतं, फवारणारी मी, म्हणजे लबाडी माझीच; पुरावा म्हणूनच चकत्या कुलपात! दोघं एकमेकांवर डोळा ठेवून बसलो होतो. मला हसू आलं, मग आलं नाही. त्यानं कपाट उघडून एक चकती माझ्या तळहातावर ठेवली. पोलादाच्या मानानं ती फारच हलकी. कडेला करवत चालवली, आत ॲल्युमिनियम. सगळ्या तशाच.

चकत्या कापून, घासून, पट्टीवर बसवून देणारा माणूस आमच्याकडे एकच आहे. मी दोन दिवस स्वतःलाच समजावत राहिले, की चुकून भलताच तुकडा घेतला असेल. काल जेवताना सरळ विचारलं. पोलादावरचा थर ओढला की सुटत होता आणि माल वेळेवर द्यायचा होता, असं दाजी म्हणाले. एवढ्यानं काही होत नाही, म्हणाले. थर सुटला तर दांड्याभोवती तेल अडवणारं सील फाटेल, तेल जाईल, वर उचललेला बूम खाली येईल, हे मी त्यांना काय शिकवणार? ते त्यांनीच मला शिकवलंय. मी एवढंच विचारलं, की ती क्रेन कोण चालवतो ते ठाऊक आहे ना? त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ठाऊक आहे म्हणाले.

हा कागद चश्मिष स्वतः तुझ्या हातात देईल. एक चकतीही देईल, ती तुमच्या इंजिनिअरला दाखव. आज तुम्ही क्रेन सुरू करणार आहात. चढू नकोस. दाजींचा फोन येईल, ते गोड बोलतील. त्यांचं ऐकू नकोस रे.

तुझीच,
ताई