कुंपणालगतची ओळ

दि. २ मार्च

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथून दिसते. काका गेल्यावर शेताचे कागद माझ्या नावावर निघाले आणि तुम्हाला शहरात खोली घ्यावी लागली. त्या वेळी आपल्यात जे बोलणं झालं ते मी विसरलोय असं समजा. तुम्ही विसरणार नाही, ते ठाऊक आहे. पण कागद मी केले नव्हते, काकांनी आणि बाबांनी केले होते. मी फक्त दाखवले.

तुमची सूनबाई रोज मला विचारते, काकू एवढा जिना कशा चढत असतील. मी म्हणतो, ज्या जिभेने मला जन्मभर पळवलं तिच्या मालकिणीला जिना काय जड!

आता कामाचं. तुमच्यासारखंच, नांगर न लावता, जव आणि वाटाणा मिसळून पेरलाय. कमरेइतका झालाय. तो आडवा करून त्यातच कोबी लावायचा आहे. पण आडवा नेमका कधी करायचा? शेजारचा मळेवाला म्हणतो, नांगर घाल आणि मोकळा हो. तुम्ही अठरा वर्षं ह्या जमिनीला नांगर लागू दिला नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारतो. तुम्ही सांगाल तसं करीन.

लोभ शिल्लक असेल तेवढा धाडावा.

तुमचा पुतण्या


दि. ६ मार्च

चि. ढेकळ्यास,
अ. आ.

हे नाव अजून चालेल ना? लहानपणी बांधावर बसून मला ढेकळं मारायचास. पुढे मी नांगर बंद केला आणि शेतात मारायला ढेकूळच उरलं नाही, म्हणून कागद मारलास.

माझी खोली इस्त्रीवाल्याच्या दुकानावर आहे. दिवसभर फळ्यांमधून वाफ वर येते. खिडकी उघडली की हातभरावर समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप. खिडकीत एका डब्यात शेतातली माती ठेवली आहे, निघताना चोरून आणलेली. तक्रार करायची तर कर.

आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास, तर बिळाची माहिती तरी असू दे. भाजी काढली की तिच्या ताटातलं उरलेलं बरंच काही जमिनीत असतं. जमीन उघडी टाकलीस तर ते पावसाबरोबर खाली उतरतं आणि नाल्याला जाऊन मिळतं. जवाची मुळं ते खोलवरून ओढून वर आणतात आणि पानांत साठवतात. वाटाणा हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत धरतो. मग दोघांना कापून जागेवरच निजवायचं. कुजता कुजता ते सगळं पुढच्या पिकाला देऊन टाकतात. पोसायचं, राबवायचं, हवं ते काढून घ्यायचं आणि आडवं करायचं. तुला जमेल, घरच्या माणसावर हात बसलाय तुझा.

कधी, ते विचारलंस. घाई करू नकोस. लोंब्या पिवळ्या पडू देत, दाणा दाताखाली वाजला पाहिजे. तोवर थांब. वाळलेलं पीक जमिनीवर छान पसरतं.

सूनबाईला आशीर्वाद. तुझ्यासाठी लोभ शोधते आहे, सापडला की कळवीन.

काकू


दि. २१ मार्च

ती. काकूंस,
नमस्कार. साष्टांग ह्या वेळी राहू दे.

अवजारांच्या खोलीत खिळ्यांच्या पेटीखाली एक वही होती. तुमची. मला ती दिवाळखोराला गुप्तधन सापडावं तशी सापडली, तीही हिवाळ्यातच, म्हणजे तुम्हाला पत्र लिहिण्याच्या कितीतरी आधी. त्यात अठरा वर्षांच्या तारखा आहेत. दरवर्षी एकच नोंद: जवाला लोंबी आली, वाटाणा फुलला, दाणा भरायच्या आत कापलं. एका वर्षी तुम्हाला ताप आला आणि उशीर झाला. तिथे शेरा आहे की दाणे गळून जव तणासारखा उगवला, वाळका पेंढा कुजेना, कोबी उपाशी राहिला. सगळं तुमच्याच अक्षरात.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. सूनबाईचा हट्ट होता की काकूंना परत आणू या. मी म्हटलं, आणू. आधी एकच गोष्ट विचारतो. खरं सांगितलं तर स्वतः गाडी घेऊन जातो. तिने मागची खोली रंगवलीसुद्धा, शेताकडे खिडकी असलेली. तुमचं पत्र आलं तेव्हा रंग पुरता वाळला नव्हता. आता तिथे कोबीच्या रिकाम्या पेट्या ठेवल्यात. ती दोन दिवस जेवली नाही. मी जेवलो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी म्हणत होतो आणि ते खरं निघालं, ह्याचा मला आनंदच झाला.

वहीप्रमाणे दहा तारखेला पीक कापलं, सतराला कोबी लावला. तुमच्या आशीर्वादाशिवाय सगळं छान आहे.

लोभाचा शोध थांबवावा.

पुतण्या


दि. २५ मार्च

चि. पुतण्यास,
अ. आ.

खोटं सांगितलं. चुकून नाही, विचार करून. आधी एक पत्र लिहिलं होतं, त्यात खरं होतं. ते वाचलं आणि तू माझ्या बांधावर उभा राहून हिरव्या कोबीकडे बघतोयस असं डोळ्यांसमोर आलं. मग फाडलं. मला तुला मारायचं होतं आणि मी शेताला मारायला निघाले. त्याची लाज वाटते. तुझी नाही वाटत.

आता हे नीट वाच. एक गोष्ट वहीत नाही. ती दरवर्षी घडायची, म्हणून लिहावी असं कधी सुचलंच नाही. रोपं रुसतील. पानं पिवळट होतील, वाढ थांबेल. पेंढा कुजवणारे बारीक जीव आधी स्वतःचं पोट भरतात आणि रोपांना मागे ठेवतात. लावल्यापासून वीस दिवस हे चालतं. मग ते जीव मरतात आणि घेतलेलं सगळं मातीत परत येतं. दोन-तीन दिवसांत पानं गर्द हिरवी होतात. तेवढे वीस दिवस कशालाही हात लावू नकोस. नांगर तर नकोच. अठरा वर्षांत घडलेली माती एका दुपारी उलटेल, आणि माझ्या वयात मला ती पुन्हा घडवता यायची नाही.

खोली मला नको, पेट्या तिथेच राहू देत. फक्त वीस दिवस थांब. मी तुझ्यापुढे हात जोडते, हे सूनबाईला वाचून दाखवलंस तरी चालेल.

लोभ नाही, विनंती आहे.

काकू


दि. ३ एप्रिल

ती. काकूंस,
न. वि. वि.

पानं पिवळी पडली. अगदी तुम्ही म्हणालात तशी. कोबी कसा मरतो हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार! पहिल्या पत्रात म्हणालात, दाणा वाजेपर्यंत थांब. दुसऱ्यात म्हणता, वीस दिवस थांब. तुमचं प्रत्येक पत्र मला थांबायलाच सांगतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं मी ह्या वेळी वही पुन्हा पानोपान चाळली. रुसव्याचा उल्लेख कुठे नाही.

सूनबाई म्हणते, थोडेच दिवस राहिलेत, काय बिघडतं. तिला तुमचे जोडलेले हात दिसतात, मला फाडलेलं पत्र दिसतं. परवा, पाच तारखेला, ट्रॅक्टर येतोय. सगळं उलटून नवीन रोपं लावणार.

लोभ असता तर मागितला असता.

पुतण्या


दि. १२ एप्रिल

ती. काकूंना,
सूनबाईचा सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. पाच तारखेला शेत नांगरलं. तो एकोणिसावा दिवस होता, मी भिंतीवर रेघा मारत होते. ट्रॅक्टरच्या मागे इतके पक्षी उतरले की माती दिसेना. गांडुळं संपेपर्यंत ते हलले नाहीत. संध्याकाळी शेतभर डोक्याएवढी ढेकळं होती. सहा तारखेला पाऊस झाला आणि नाला दिवसभर तपकिरी वाहिला. तुम्ही लिहिलं होतंत ते सगळं त्यातूनच गेलं असेल.

कुंपणालगत ट्रॅक्टर वळला नाही, म्हणून तिथली एक ओळ राहिली. एकतीस रोपं. आठ तारखेला पानं गर्द हिरवी झाली. नऊला माझ्या पंजाहून रुंद. मी ह्यांना हाताला धरून तिकडे नेलं. ह्यांनी खूप वेळ पाहिलं, एकदा पानाची मागची बाजूही उलटून बघितली. मला वाटलं, आता हे रडतील. मग खाली वाकले आणि एकेक करून एकतीसही रोपं उपटली. हात धुऊन आल्यावर म्हणाले, काकूंना हे कळवायचं नाही. म्हणून कळवते आहे.

काकू, ह्यांना मी माफ करणार नाही. पण ते पहिलं पत्र तुम्ही फाडलंत. खोलीला मी दोन हात रंग दिला होता, आणि खिडकी पुसून तुमची खुर्ची शेताकडे तोंड करून ठेवली होती.

डब्यातल्या मातीला पाणी घालत जा. लोभाबद्दल आता काय लिहू, ते सुचत नाही.

सूनबाई