बाबांना बसायला झाड

११ ऑक्टो. २००६
नागपूरला फोन. जय भीम झाल्याबरोबर बाबांचा तोच प्रश्न. "मे महिन्यात येतो बेटा, पण दुपारी बसायला झाड आहे का तिथं?" आई गेल्यापासून त्यांची दुपार अंगणातल्या कडुनिंबाखालीच जाते. ठोकून दिलं, "आहे." कुठलं डोंबलाचं! इथे जर्मनीत माझ्या या भाड्याच्या घरामागे नुसतं गवत.

१४ ऑक्टो., शनि.
नर्सरी. कडुनिंब इथे एक हिवाळाही काढणार नाही, म्हणून मेपल. जपानी लालचुटुक, जीव अडकला. माळी म्हणाला, उशिराच्या दंवानं कोवळी पानं करपतील. शिवाय वाढून वाढून उंची माझ्या खांद्याइतकी, बाबाच त्याला सावली देतील! इथल्या मेपलांपैकी फेल्डआहोर्न थंडीला दाद देत नाही, बागेत मावतो, पण वाढायला फार सावकाश. श्पिट्झआहोर्नही काटक, भराभर वाढतो, पुढे मात्र अवाढव्य होतो. "भराभर म्हणजे? बसण्याइतकी सावली कधी?" "दहा वर्षं." बाबा अठ्ठ्याहत्तरचे. पुढे विचारलं नाही.

१९ ऑक्टो.
घरमालक: लावा, पण घर सोडताना उपटून न्यायचं नाही. शेजारच्या फ्राऊ के. कुंपणावरून, "आल्झो, म्हणजे सावलीसाठी झाड? इथे ऊन मिळावं म्हणून लोक झाडं पाडतात!" आठवडाभरात इन्स्टिट्यूटमधले सहकारी सोडून आपणहून माझ्याशी बोललेलं हे पहिलं माणूस. उगाच खताबद्दल विचारत राहिले. त्यांना आत जायचं होतं, कळत होतं.

२८ ऑक्टो.
श्पिट्झ आणला. बागेला फेल्डच शोभला असता, पण मला घाई. एकटीनं खड्डा खणला, कंबर गेली. झाडावर तीन पिवळी पानं. खाली बाक ठेवून बसून पाहिलं. सावली मनगटाएवढी. रडले.

१ नोव्हें., सुट्टी
फोनवर बाबांना सांगून टाकलं. "मी खोटं बोलले, बाबा. काडी आहे नुसती."
बाबा खूप हसले. मग, "एवढ्या थंडीत सावली काहून पाहिजे मला? निंबाखाली बसलं की येणारा-जाणारा थांबतो बेटा. चार शब्द होतात. तुझ्याकडं कोण थांबतं?"
म्हटलं, "तुम्ही येताय ना?"
"पाहू."

५ नोव्हें., रवि.
बाक उचलून कुंपणाशी नेला, फ्राऊ के.च्या दाराकडे तोंड करून. चार अंश. थर्मासभर चहा, कप दोन. पाऊण तास बसले. फ्राऊ के. खिडकीत दिसल्या. मी हात केला. त्या आत वळल्या.
कोट घालायला गेल्या असतील?